तीन श्वास

शिवणबाईंनी सुईत दोरा ओवला, मान वर करून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिले आणि त्या थांबल्या.

त्या थांबल्या तसे अंगणातले सगळेच थांबले. नळावर बादली भरणारा, जिन्यात बसून दुसऱ्यांची पत्रे वाचणारा पोस्टमन, दोरीवर चादर टाकणाऱ्या दोघीजणी. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शिकेने डोके बाहेर काढले.

"बाई, पुढचं वाक्य तुमचंच आहे. 'पत्रं नंतर वाच, आधी बटण लावून घे.'"

"ते पाठ आहे गं मला. त्याआधी वरून आवाज यायचाय."

"वरून? कुणाचा?"

"वरचीचा." शिवणबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला घडीच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिले. "पुटपुटे, सांगा की यांना."

पुटपुट्यांच्या मांडीवर तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेली जाड वही उघडी होती. त्यांनी त्या पानावर बोट ठेवले. वाचण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी.

"तिथे काही नाही," ते म्हणाले. "सरळ बटणावर या."

शिवणबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत या माणसाने त्यांना एकदाही चुकीचा शब्द दिला नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि त्या बटणावर आल्या. तालीम पुढे सरकली, पण एखाद्या जिन्याची पायरी निघालेली असावी आणि सगळ्यांनी ती ओलांडून जावे तशी.

पुटपुटे हे त्यांचे आडनाव नव्हते. नाटकवाल्यांनी त्यांना ते इतक्या वर्षांपूर्वी बहाल केले होते की, बँकेतल्या सहीखेरीज खऱ्या आडनावाला कुठे काम उरले नव्हते. 'भिंतीला भिंत' या संगीत नाटकाचे ते प्रॉम्प्टर. एका अंगणाभोवतीच्या बिऱ्हाडांचे ते नाटक. एकाच नळावर पाणी भरणारी, एकमेकांच्या चहाची साखर ओळखणारी, भांडणेसुद्धा गाण्यात करणारी माणसे आणि शेवटी ती इमारत पाडायची ठरल्यावर एकेक करून निघून जाणारी. एकोणीस वर्षे ते चालले. ती सगळी वर्षे पुटपुटे डाव्या विंगेत एका स्टुलावर वही घेऊन बसले आणि अडलेल्या माणसाला त्याचा शब्द पुरवत राहिले.

त्यांच्या कामाचा एक नियम होता, तो त्यांनी स्वतःच बसवलेला. नट एक श्वास थांबला, तर तो अभिनय करतो आहे. दोन श्वास थांबला, तर शोधतो आहे. तिसऱ्या श्वासाला शब्द द्यायचा. त्याआधी दिला तर नटाचा अपमान आणि नंतर दिला तर नाटकाचा. वहीत शब्द शाईने होते आणि श्वास पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी. छापील पुस्तकात नसलेल्या असंख्य गोष्टी त्या वहीत होत्या: कुठे प्रेक्षक हसतात, कुठे पोस्टमनला खोकला येतो, कोणत्या कडव्याला वादक किंचित मागे राहतात. चित्रपट करायचा ठरला तेव्हा दिग्दर्शिका त्या वहीसाठी त्यांच्या घरी आली. चित्रपटात प्रॉम्प्टर लागत नाही. विसरले तर पुन्हा घ्यायचे. पण ती म्हणाली, "काका, वही एकटी नको, तुम्हीही या."

म्हणून ते आले होते. जुन्या गोदामात उभारलेले ते अंगण पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते दारातच उभे राहिले. नळ, दोरी, कठडा, दुसऱ्या मजल्यावरची हिरव्या झडपांची खिडकी. सगळे जिथल्या तिथे होते आणि तरी त्यांना अनोळखी वाटत होते. कारण उमगायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी हे अंगण समोरून कधी पाहिलेच नव्हते. एकोणीस वर्षे त्यांनी ते विंगेतून, कडेने पाहिले होते. त्यांच्या अंगणात माणसांना एकच कान, अर्धी जिवणी आणि मान होती. पूर्ण चेहरा असलेले अंगण प्रेक्षकांचे होते.

आणि ती खिडकी तर त्यांनी खालून पाहिली होती. खिडकीमागे, त्यांच्या स्टुलाला लागूनच, एक लाकडी शिडी असे. तिच्या वरच्या पायरीवर त्यांची बायको उभी राही.

ती कोरसमधली. मागच्या ओळीत गाणारी, जाहिरातीत 'आणि इतर' मध्ये जमा होणारी. समूहगीतातला एक उंच सूर वरून यावा म्हणून तिला खिडकीमागे चढवत. सुराची वेळ यायच्या बरीच आधी ती जाऊन उभी राही. विसाव्या प्रयोगाला पोस्टमनच्या पँटचे बटण ऐन प्रवेशाच्या वेळी तुटले आणि तो रंगमंचावर आलाच नाही. एक श्वास गेला, दोन गेले. तिसऱ्याला पुटपुट्यांनी सवयीने शब्द दिला; आणि मग त्यांच्या लक्षात आले की, तो शब्द ज्याचा आहे तो माणूसच तिथे नाही. त्यांची कुजबुज रिकाम्या जागेवर पडली. अडलेल्याला शब्द देता येतो, नसलेल्याला काय द्यायचे?

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर शिडीची पायरी करकरली आणि वरून आवाज आला, "खाली कोण आहे?"

संहितेत असे काही नव्हते. पण शिवणबाई तेव्हा पस्तिशीच्या आणि सुईइतक्याच तल्लख. त्यांनी मशीनवरून मानही न उचलता उत्तर दिले, "आम्हीच आहोत." प्रेक्षकांत हशा पिकला. पोस्टमन एका हाताने पँट धरून आला, तेव्हा शिवणबाई त्याला म्हणाल्या, "पत्रं नंतर वाच, आधी बटण लावून घे," आणि प्रेक्षकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले. नाटककार विंगेत आला, पुटपुट्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन्ही ठेवा."

दोन्ही राहिली. पुढे शेवटच्या अंकातही तो प्रश्न आला. सगळी बिऱ्हाडे गेलेली, शिवणबाई मशीनवर झाकण घालतात, तेव्हा वरून आवाज येतो, "खाली कोण आहे?" आणि अंगणात एकट्या उभ्या असलेल्या शिवणबाई म्हणतात, "आम्हीच आहोत." त्या 'आम्ही'वर माणसे डोळे पुसत. पण पुस्तक छापले तेव्हा बटणाचे वाक्य आत गेले, कारण ते एका पात्राचे होते. वरची बाई पात्रांच्या यादीतच नव्हती, म्हणून तिचा प्रश्न गळाला आणि त्याबरोबर त्याचे उत्तरही. ती पुटपुट्यांच्या वहीत पेन्सिलीनेच राहिली.

नाटकाच्या सतराव्या वर्षी छातीच्या दुखण्याने ती गेली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात प्रयोग होता. समूहगीतासाठी दुसरी मुलगी ठरली. त्या एका वाक्याचा विचार करायचे कुणाला सुचलेच नाही. प्रयोगात ती जागा आली. अंगणातल्या सगळ्यांनी सवयीने माना वर केल्या. एक, दोन, तीन. आणि मग शिवणबाई त्या शांततेला उद्देशून म्हणाल्या, "आम्हीच आहोत." तेव्हा कुणी हसले नाही. त्यानंतर तिथे दुसरा आवाज घालायची भाषा कुणी केली नाही. पुढची दोन वर्षे नाटक तसेच चालले आणि पुटपुट्यांनी पेन्सिलीतल्या वाक्याशेजारी तीन उभ्या रेघा ओढल्या.

वही दिग्दर्शिकेकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खोडरबर घेऊन प्रश्न, उत्तर आणि रेघा, सगळे दोन्ही ठिकाणचे, खोडून टाकले होते.

जेवणाची सुट्टी झाली. शिवणबाई डबा घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी, अर्ध्यावरच संपणाऱ्या खोट्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. आता त्या चौऱ्याहत्तरच्या होत्या, मूळ संचातल्या चित्रपटात घेतलेल्या एकट्याच.

"सरका जरा. खोटा असला तरी जिना सरकारी नाही."

ते सरकले.

"काय खाणार?"

"भूक नाही."

"भूक नसणारच. एवढं मोठं वाक्य गिळलंत सकाळी." त्यांनी डब्याचे झाकण उघडले. "का केलंत?"

पुटपुट्यांनी मांडीवरची वही मिटली. शिवणबाई जेवत राहिल्या. त्यांना थांबता येत होते; त्यांचा सगळा लौकिक थांबण्यावरच होता.

"मुलगी आली होती गेल्या वर्षी," ते शेवटी म्हणाले. "कपड्यांच्या घड्या घालत होती. एकदम म्हणाली, 'बाबा, आईचा आवाज कसा होता हो? मला चेहरा दिसतो तिचा, पण बोलत नाही ती.' म्हटलं, वेडी आहेस, त्यात काय, सांगतो. आणि तिचं वाक्य म्हणायला गेलो."

"मग?"

"माझाच आवाज आला. हा, कुजबुजीचा." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "बाई, माझ्या डोक्यात सगळं नाटक आहे. तुमची वाक्यं, पोस्टमनची, सगळ्यांची. पण सगळे माझ्या आवाजात बोलतात. इतकी वर्षं मी तुम्हाला शब्द देत होतो, तेव्हा मनात आधी मीच म्हणत होतो ना ते. तुम्ही समोर आहात, तुमचा आवाज परत मिळतो. तिचा कुठून आणू?"

"टेप नाही घरात?"

"टेप होता. पण रोज ऐकू येणारी गोष्ट साठवून कोण ठेवतं?"

शिवणबाईंनी घास खाली ठेवला.

"आता इथे कुणीतरी ती ओळ म्हणणार," पुटपुटे म्हणाले. "चांगल्या आवाजाची कुणी. ते गावोगाव लागणार. मुलगीही बघणार. आणि मग तिला आईचा आवाज तोच वाटायला लागणार. मलाही. म्हटलं, त्यापेक्षा ती जागाच नको."

"म्हणजे तुमच्या डोक्यात तिचा आवाज नाही, म्हणून तो कुणाच्याच कानावर पडायला नको." शिवणबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, टाका नीट पडला आहे की नाही हे पाहावे तसा सूर होता. "मला आठवतो की. 'खाली' म्हणताना ती जराशी हसायची. तुम्ही खालीच बसलेले असायचात ना." त्यांनी खिडकीकडे पाहून ओठ उघडले, मग मिटले. "नाही. मलाही काढता येत नाही तो. पण पुटपुटे, माझं वाक्य उत्तर आहे हो. सकाळी प्रश्नच आला नाही म्हणून मी उत्तर गिळलं आणि बटणावर आले. या वयात मला असं आंधळं चालायला लावू नका."

त्यांनी डब्यातला अर्धा घास त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला.

दिग्दर्शिका आतल्या खोलीत, म्हणजे नकली भिंतीच्या पाठच्या बाजूला, कागद पसरून बसली होती. पुटपुट्यांनी वही तिच्यासमोर ठेवली, ते पान उघडले आणि तिचे बोट धरून कागदावर टेकवले. तिथला कागद पातळ झाला होता, किंचित खरखरीत.

"इथे होतं," ते म्हणाले. "सकाळी खोटं बोललो. मीच खोडलंय."

त्यांनी सगळे सांगितले. सांगताना त्यांना वाटत होते की, ही पोर आता चिडेल. तिने चिडावे अशी त्यांची इच्छाही होती. पण ती त्या पातळ झालेल्या जागेवरून बोट फिरवत राहिली.

"किती वर्षांची होते मी? नऊ," ती म्हणाली. "वडिलांनी नेलं होतं तुमच्या नाटकाला. मला बाकी फार आठवत नाही काका. एवढंच आठवतं की, सगळे वर बघतात, वर कुणीच नसतं आणि त्या बाई उत्तर देतात. मी वडिलांना विचारलं, कुणाला सांगतायत त्या? ते म्हणाले, असतं कुणीतरी वर." तिने वही स्वतःकडे ओढली. "पुस्तक आणलं, त्यात नाही. वही मिळाली, त्यातही नाही. मला वाटलं, मीच रचलं असेल. लहान मुलं रचतात. वडीलही नाहीत आता विचारायला. सकाळी बाई बोलल्या तेव्हा आशा वाटली, तर तुम्ही म्हणालात, तिथे काही नाही. मी हा सिनेमा करतेय तो त्या एका जागेसाठी, आणि तीच जागा नाटकात नव्हती असं समजून गेले दोन महिने गप्प बसलेय."

पुटपुटे उभेच होते. आयुष्यभर दुसऱ्याचा हरवलेला शब्द हातात धरून बसणारा माणूस. आणि या मुलीने दोन महिने शोधलेला शब्द त्यांनीच पुसला होता.

"माफ करा," ते म्हणाले.

"माफी राहू द्या, आधी बसा." तिने खुर्ची पुढे सरकवली. "त्यांचा आवाज मी आणू शकत नाही. कुणाचा मोठा, गाजलेला आवाजही घालणार नाही. पहिल्या भागात कोरसमधलीच कुणीतरी विचारेल. तुमच्या मिसेस कोरसमध्येच होत्या ना? आणि शेवटी कुणी नाही विचारणार. मी पाहिलं तसं. चालेल?"

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खोडलेल्या जागेवर वाक्य पुन्हा लिहिले. खरखरीत कागदावर अक्षरे जराशी पसरली.

दुपारी कोरसमधली एक मुलगी खिडकीमागे उभी राहिली. तिला सर्दी झाली होती आणि त्यापायी ती ओशाळली होती. "काका, कसं म्हणायचं ते एकदा म्हणून दाखवता?"

इतक्या वर्षांत असे कुणी विचारले की, ते लगेच शब्द देत. आता त्यांनी मान हलवली. "मी म्हटलं तर माझ्यासारखं होईल. खाली आपली माणसं आहेत की नाही, एवढंच विचारायचंय तुला. तुझ्या आवाजात विचार."

"सर्दीच्या?"

"वरच्या मजल्यावर सर्दी होत नाही का माणसांना?"

ती हसली आणि तिने विचारले, "खाली कोण आहे?" आवाज नाकात अडकलेला, पातळ. त्यांच्या बायकोचा नव्हता तो. पुटपुट्यांनी छातीत काही तुटायची वाट पाहिली. खालून शिवणबाई मान न उचलता म्हणाल्या, "आम्हीच आहोत," पोस्टमन दचकला, बटणावर हशा झाला. आणि सकाळी निघालेली पायरी पुन्हा जागेवर बसल्यासारखे सगळे अंगण सरळ चालू लागले. तुटले काही नाही. फक्त रिकामे होते ते तितकेच रिकामे राहिले.

उन्हे कलली तेव्हा शेवटच्या प्रसंगाचे काम झाले. शिवणबाईंनी मशीनवर झाकण घातले, वर पाहिले, थांबल्या, उत्तर दिले. सगळे सामान आवरायला लागणार, तोच ध्वनिमुद्रण करणारा उंच माणूस हात वर करून म्हणाला, "कुणी जाऊ नका. मला शांतता घ्यायचीये."

"शांतता काय घ्यायची?" शिवणबाई म्हणाल्या. "ती काय नळाला येते?"

"घ्यावी लागते, आजी. सिनेमात नुसतीच मोकळी जागा सोडली ना, तर ती मेलेली वाटते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. तो भरला की शांतता जिवंत लागते. अर्धं मिनिट. तेवढ्यात कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही." त्याने खिडकीकडे बोट दाखवले. "माइक तिथे वर ठेवतो. आवाज तिथून यायचा असेल, तर त्याचं नसणंही तिथूनच यायला हवं."

दिग्दर्शिकेने पुटपुट्यांकडे पाहिले. "काका, तुम्ही वर बसाल?"

खिडकीमागे शिडीच होती. गुडघे कुरकुरत ते चढले. वरच्या फळीवर बसले आणि त्यांनी खाली पाहिले. अंगण वरून दिसत होते: बादलीतले गोल पाणी, दोरीची सरळ रेघ, शिवणबाईंचा पांढरा भांग. त्यांच्या बायकोने हे एवढेच पाहिले असणार, सतरा वर्षे. माणसांची डोकी आणि भांग. नाटक समोरून तिनेही कधी पाहिले नव्हते. कडेने पाहणारा एक आणि वरून पाहणारी एक, अशी दोघे एका घरात राहून रात्री जेवताना त्याच नाटकाबद्दल बोलत आणि त्यांना कधी जाणवलेही नव्हते की, दोघांची अंगणे वेगळी आहेत.

"शांत," खालून आवाज आला. "सुरू."

पहिला श्वास गेला.

दुसरा. त्यांची जीभ आपोआप दातांना टेकली. सगळे शरीर पुढे झुकले. आयुष्यभराची सवय होती ती. कुणीतरी अडले आहे, शब्द द्यायला हवा. 'खाली' हा शब्द ओठांच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

तिसरा.

आणि शब्द दिला गेला नाही, म्हणून त्या जागेत दुसरे काहीतरी आले. आधी पायरीची करकर. ती पाय बदलायची तेव्हा होई ती. मग श्वास. बोलण्यापूर्वी ती नाकाने घाईचा, किंचित अडखळता श्वास घ्यायची, पाण्यात उतरणारा माणूस घेतो तसा. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर तो श्वास एकोणिसांतली सतरा वर्षे घेतला गेला होता. तो त्यांनी वहीत कधी लिहिला नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्या कुजबुजीला त्याच्यावर चढता आले नव्हते. तो जसाच्या तसा राहिला होता.

श्वासानंतर आवाज आला नाही. त्यांनी तो मागितला नाही. खाली शिवणबाई मान वर करून, ओठ मिटून उभ्या होत्या, त्यांच्या मागे ती सर्दी झालेली मुलगी, तिच्या मागे बादलीवाला, पोस्टमन. सगळ्या माना वर.

"मिळाली," ध्वनिमुद्रक म्हणाला. अंगणात माणसे हलू लागली, कुणी राखून ठेवलेला खोकला खोकून टाकला. ध्वनिमुद्रकाने वर पाहिले. "झालं काका. आता बोललात तरी चालेल."

पुटपुट्यांनी मान हलवली, पण ते काही बोलले नाहीत.